आयर्लंडची काउंटी कौन्सिल: निवडून कोण येतं आणि ठरवतं कोण?

सायली_ग

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनबाहेरच्या एका काउंटीत राहतो (नाव मुद्दाम लिहीत नाही). मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण मधल्या पट्ट्यात फूटपाथच नाही. एका बाजूला काटेरी झुडपांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला भरधाव गाड्या. डिसेंबरात तर सकाळी साडेआठलाही धड उजाडलेलं नसतं. आमच्या भागातल्या एका कौन्सिलरना ईमेल केली. माणूस भला, दुसऱ्या दिवशी फोन आला आणि त्याच आठवड्यात रस्ता बघूनही गेले. "मीटिंगमध्ये मांडतो" म्हणाले. मग कौन्सिलच्या कार्यालयातून पत्र आलं की या कामासाठी सध्या तरतूद नाही.

आता कौन्सिलर म्हणतात, हा अधिकार कार्यकारी बाजूचा. कार्यालयात फोन केला तर म्हणतात, बजेट सदस्यांनीच मंजूर केलंय. मग जाब विचारायचा कुणाला? इथली कौन्सिल नेमकी चालते कशी, निवडणूक कशी होते, आणि आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना त्यात काही स्थान आहे का? २०२४ ची निवडणूक झाली तेव्हा आम्ही नुकतेच आलो होतो. पुढची २०२९ ला आहे. तोवर हे सगळं नीट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी लिहावं.

अनुप_डब्लिन१५

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. हो, मतदान करता येतं! स्थानिक निवडणुकीत नागरिकत्वाची अटच नाही. वय १८ पूर्ण आणि आयर्लंडमध्ये वास्तव्य, एवढं पुरतं. वर्क परमिट, स्टुडंट, डिपेंडंट, कुणीही. उभंही राहता येतं. ही सोय आजची नाही, साठ-सत्तरच्या दशकापासून आहे. डॉल (संसदेचं खालचं सभागृह) फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांसाठी, युरोपियन संसद आयरिश आणि युरोपीय महासंघाच्या नागरिकांसाठी, राष्ट्राध्यक्ष आणि सार्वमत फक्त आयरिश नागरिकांसाठी. पण काउंटी कौन्सिल सगळ्यांची.

मी पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेलो तेव्हा यादीत माझ्या नावापुढे 'एल' हे अक्षर होतं, म्हणजे फक्त लोकल. बाईंनी पट्टी ठेवून नावावर रेघ मारली आणि कागद हातात दिला. हैदराबादेत नोकरीला असताना नाव गावाच्या यादीत, त्यामुळे कितीतरी निवडणुका हुकल्या होत्या. इथे परक्या देशात, घरापासून पाच मिनिटांवर, मत दिलं. फार बरं वाटलं.

मृण्मयी_के

छान धागा. वाचतेय. थोडी रचना लिहिते, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

देशात एकूण ३१ स्थानिक संस्था आहेत: २६ काउंटी कौन्सिल, ३ सिटी कौन्सिल (डब्लिन, कॉर्क, गॉलवे), आणि लिमरिक व वॉटरफर्ड इथे शहर-काउंटी एकत्र. निवडून आलेले सदस्य ९४९. सगळ्यात लहान लिट्रिम, १८ सदस्य. डब्लिन शहरात ६३.

काउंटीचे मतदारसंघ पाडलेले असतात, त्यांना लोकल इलेक्टोरल एरिया म्हणतात. प्रत्येकातून एक नाही, ३ ते ७ जण निवडून येतात. लिट्रिमचंच बघा: बॅलिनामोर, कॅरिक-ऑन-शॅनन आणि मॅनरहॅमिल्टन, प्रत्येकी ६. म्हणजे सायली, तुझ्या भागाचे कौन्सिलर एक नाहीत, पाचसहा असतील. सगळ्यांना लिही. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच, एकाच कामासाठी चढाओढ लागते.

बंडू_कॉर्ककर

+१. आमच्या इस्टेटीतला (म्हणजे घरांच्या वसाहतीतला) दिव्याचा खांब असाच लागला. चौघांना लिहिलं, चौघांनीही पत्रकात "माझ्या प्रयत्नांनी" छापलं. दिवा लागला, आमचं काम झालं. 😄

जुना_झेडपीवाला

मी जिल्हा परिषदेतून निवृत्त. मुलीकडे किल्डेरला येऊन जाऊन असतो आणि इथलं कामकाज आवडीने बघतो. मूळ प्रश्न अधिकाराचा आहे, त्यावर लिहितो.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. अध्यक्ष, विषय समित्या, आणि प्रशासनाला मुख्य कार्यकारी अधिकारी. इथलं बाह्यरूप ओळखीचं वाटतं. वर्षाला एक अध्यक्ष निवडतात, त्याला काहिरलाख म्हणतात, काही ठिकाणी मेयर. निवड जूनच्या वार्षिक सभेत होते. हे पद मानाचं आहे, सभा चालवण्याचं आहे. कारभार मात्र जवळजवळ सगळीकडे चीफ एक्झिक्युटिव्हकडे असतो. २०१४ पर्यंत त्याला काउंटी मॅनेजर म्हणत. सरकारी निवड यंत्रणेमार्फत तो निवडला जातो, कौन्सिल ठराव करून नेमते, मुदत ७ वर्षं.

कायद्याने कामांचे दोन भाग पाडले आहेत. 'रिझर्व्ह्ड' म्हणजे सदस्यांनी सभेत ठराव करून करायची कामं: वार्षिक बजेट, काउंटीचा विकास आराखडा, उपविधी, व्यापारी मालमत्तेवरचा कराचा दर, घरपट्टीत वाढ किंवा घट. यादीत नसलेलं बाकी सगळं 'एक्झिक्युटिव्ह', म्हणजे अधिकाऱ्यांचं: कुणाला कोणतं घर द्यायचं, कोणत्या बांधकामाला परवानगी, कंत्राट कुणाला, नेमणुका. सायलीताई, तुम्हाला दोन्हीकडून मिळालेलं उत्तर खरं आहे. बजेटचे आकडे सदस्यांनी मंजूर केले. त्यातून कोणत्या रस्त्यावर काय करायचं त्याचा मसुदा अधिकाऱ्यांनी तयार केला.

ही मॅनेजर पद्धत १९२९ च्या कॉर्क शहराच्या कायद्यापासून सुरू झाली आणि १९४० च्या कायद्याने सगळ्या काउंट्यांत आली. मला ती पटते. सदस्याने धोरण ठरवावं, फाईल अधिकाऱ्याने चालवावी.

मृण्मयी_के

@जुना_झेडपीवाला काका, मला ती तितकीशी पटत नाही. ५१ लाखांहून जास्त लोकसंख्येला ९४९ कौन्सिलर, म्हणजे एकाच्या वाट्याला ५ हजारांवर माणसं. युरोपात इतके कमी स्थानिक प्रतिनिधी असलेले देश थोडे. आणि या कौन्सिलरांच्या हाती आहे काय? पोलिस (गार्डा) केंद्राचे. शाळा शिक्षण खात्याकडे. दवाखाने आरोग्य सेवेकडे. पाणी होतं, तेही राष्ट्रीय कंपनीकडे गेलं. कचरा बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या उचलतात. राहिलं काय, तर स्थानिक रस्ते, सामाजिक घरं, बांधकाम नियोजन, अग्निशमन, वाचनालयं, बागा आणि गाड्यांचा मोटर टॅक्स.

त्यातही हातात पैसा कमी. घरांवरचा जुना कर १९७८ ला रद्द झाला आणि कौन्सिलांचा स्वतःचा मोठा आधार गेला. २०१३ ला नवा मालमत्ता कर आला, पण तो गोळा करतं महसूल खातं. कौन्सिलला बरीच वर्षं त्यात फक्त १५ टक्के वर-खाली करायची मुभा होती. बाकी अनुदान राजधानीतून येतं. निवडून दिलेल्या माणसाकडे "मांडतो" म्हणण्यापलीकडे फारसं काही ठेवलेलंच नाही, आणि ही लोकशाहीची मोठी उणीव आहे.

दूरदेशी

मृण्मयीचा मुद्दा रास्त, पण सदस्यांकडे जास्त अधिकार होते तेव्हा काय झालं तेही बघायला हवं. जमिनीचा वापर बदलण्याचा अधिकार सदस्यांचाच होता. शेतजमीन 'निवासी' किंवा 'व्यापारी' झाली की मालक रातोरात श्रीमंत. तेव्हाच्या डब्लिन काउंटी कौन्सिलमध्ये हे ठराव कसे झाले, त्यासाठी पैसे कसे वाटले गेले, यावर १९९७ ला चौकशी आयोग बसला. महॉन ट्रायब्युनल नावाने तो ओळखला जातो. शेवटचा अहवाल मार्च २०१२ मध्ये आला, म्हणजे पंधरा वर्षं चालला! क्वारीव्हेल नावाच्या जागेचं प्रकरण त्यातलं सगळ्यात गाजलेलं. कौन्सिलरांना पैसे पोचवणारा लॉबिस्ट फ्रँक डनलप २००९ मध्ये तुरुंगात गेला.

पूर्वी आणखी एक हत्यार होतं: सदस्य ठराव करून मॅनेजरला अमुक परवानगी द्याच असा आदेश देऊ शकत. गावोगावी त्याचा गैरवापर झाला. २०१४ च्या सुधारणेत बांधकाम परवानगीसाठी ते बंद केलं. आता कौन्सिलर फार तर एखाद्या अर्जाच्या बाजूने पत्र देऊ शकतो. निर्णय अधिकाऱ्याचा, त्यावर अपील राष्ट्रीय नियोजन आयोगाकडे (२०२५ पर्यंत ते नियोजन मंडळ होतं). मला हे योग्य वाटतं.

मृण्मयी_के

@दूरदेशी चोरी झाली म्हणून तिजोरीच काढून घ्यायची? आराखडा ठरवण्याचा अधिकार सदस्यांकडे आजही आहे आणि तो असायलाच हवा. लाचखोराला शिक्षा करा, मतदाराला नको.

जुना_झेडपीवाला

मृण्मयी, तुझ्या वाक्यात दम आहे. एवढंच सांगतो, बांधकाम परवानग्या सदस्यांच्या हाती असलेली व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. माझं मत त्यातून बनलं आहे.

वालावलचा_बाबू

वरादचं नाव अजून कोणी काढलं नाही! मालवण तालुक्यातलं वराद गाव, लिओ वराडकर यांचं मूळ गाव. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते आयर्लंडचे पंतप्रधान असताना कुटुंबासह येऊन गेले, तेव्हा आमच्याकडची कितीतरी माणसं बघायला गेली होती. त्यांची सुरुवात याच कौन्सिलातून झाली ना?

अनुप_डब्लिन१५

हो बाबू, आणि ती गोष्ट या धाग्यासाठी फार उपयोगी आहे. १९९९ ला विशीत असताना ते स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. २००३ मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलमध्ये आले ते निवडणुकीने नाही, 'को-ऑप्शन'ने. इथे सदस्याची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा, त्या पक्षाने नाव द्यायचं आणि कौन्सिलने ठराव करून त्याला घ्यायचं. पुढे २००४ ला कासलनॉकमधून ते पहिल्याच फेरीत निवडून आले, पहिल्या पसंतीची भरघोस मतं घेऊन. २००७ ला डॉलमध्ये गेले, २०१७ ला पंतप्रधान झाले.

डॉलमध्ये गेल्यावर कौन्सिल सोडावीच लागते. पूर्वी एकच माणूस दोन्हीकडे बसायचा. २००३ च्या कायद्याने ते बंद केलं.

आणि ज्यांना वाटतं की इथे जन्मलेल्यांचंच चालतं त्यांच्यासाठी: साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलचे मेयर म्हणून जून २०२४ मध्ये बेबी पेरेप्पाडन निवडले गेले. केरळहून आलेले, टालाचे कौन्सिलर. त्याआधी २००७ मध्ये नायजेरियातून आश्रयाला आलेले रोटिमी अडेबारी पोर्टलीशचे मेयर झाले होते.

नर्मदा_क

केरळी नर्सेसनी इथे जे संघटन उभं केलं आहे त्याला सलाम. आपल्या महाराष्ट्र मंडळात गणपती, दिवाळी, संक्रांत सगळं दणक्यात होतं. त्याच हॉलमध्ये मतदार नोंदणीचं टेबल मांडलं तर? खरंच विचारतेय. कोण येईल मदतीला?

अनुप_डब्लिन१५

मी येतो. पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) हाताशी असला की नोंदणी ऑनलाइन दहा मिनिटांत होते. पुढच्या गणपतीत करूया. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

आकडेमोड

मतमोजणीबद्दल कोणीच लिहिलं नाही, तर हा माझा आवडता विषय. जरा लांबेल.

मतपत्रिकेवर शिक्का नाही, बटण नाही. उमेदवारांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने, शेजारी फोटो आणि पक्षाचं चिन्ह. पेन्सिलीने आवडत्या उमेदवारासमोर १, मग २, ३, ४... जितके लिहायचे तितके. एकच १ लिहून थांबलात तरी मत वैध. मत एकच, पण ते फिरतं.

निवडून यायला 'कोटा' लागतो. वैध मतं भागिले (जागा अधिक १), त्यात १ मिळवायचा. समजा ५ जागा आणि ९,००० वैध मतं. ९,००० भागिले ६ म्हणजे १,५००, अधिक १, कोटा १,५०१. कारण सोपं आहे: १,५०१ मतं पाचच जणांना मिळू शकतात, सहाव्याला पुरणारच नाहीत.

आता एकीला पहिल्या फेरीत २,१०१ मिळाली. ती निवडून आली आणि तिच्याकडे ६०० मतं जास्तीची. ही वाया जात नाहीत. तिच्या सगळ्या कागदांवरची दुसरी पसंती बघतात आणि ६०० मतं त्या प्रमाणात इतरांना देतात. तिच्या मतदारांपैकी एक तृतीयांश लोकांनी २ तुम्हाला दिला असेल तर तुम्हाला २०० मतं मिळाली. कुणीच कोट्याच्या वर नसेल तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद, त्याचे सगळे कागद पुढच्या पसंतीकडे. असं करत करत पाच जागा भरेपर्यंत. शेवटची जागा कधी कधी कोटा न गाठताही मिळते, कारण मैदानात दुसरं कोणी उरलेलंच नसतं.

याचा परिणाम प्रचारावर होतो. उमेदवार दारात येतो, तुम्ही सांगता, "माझं मत ठरलेलं आहे." तो म्हणतो, "मग दुसरी पसंती द्या." प्रतिस्पर्ध्याला शिव्या देणं परवडत नाही, कारण त्याच्या मतदाराचा ३ तुम्हाला हवा असतो. लहान पक्ष, अपक्ष यांनाही जागा मिळते.

बंडू_कॉर्ककर

१ पासून १२ पर्यंत क्रम लावायचे म्हणजे बायकोच्या आत्याने आणलेल्या स्थळांची चाळणीच. पहिलं नाही जमलं तर दुसरं, पण कुणालाच तोंडावर नाही म्हणायचं नाही.

आकडेमोड

😄 अगदी. थोडा इतिहासही सांगतो. काउंटी कौन्सिलचा कायदा १८९८ चा, इंग्रजांच्या काळातला. पहिली निवडणूक १८९९ ला झाली. त्याआधी काउंटीचा कारभार जमीनदारांच्या हाती असायचा. त्या एका निवडणुकीत शेतकरी आणि दुकानदार आत आले आणि जमीनदार बाहेर गेले.

पसंतीची पद्धत आली स्लायगोतून. तिथली नगरपालिका कर्जात बुडाली होती. शहरातल्या अल्पसंख्य प्रोटेस्टंट करदात्यांनाही प्रतिनिधित्व मिळावं म्हणून खास कायदा झाला आणि जानेवारी १९१९ ला तिथे या पद्धतीने निवडणूक झाली. ती चांगली पार पडली म्हणून १९२० ला सगळ्या बेटावर स्थानिक निवडणुका याच पद्धतीने घेतल्या. पुढे डॉलसाठी ही पद्धत काढून टाकायला १९५९ आणि १९६८ असं दोनदा सार्वमत झालं. दोन्ही वेळा लोकांनी 'नको' म्हटलं. लोकांना ती आपली वाटते.

सायली_ग

@आकडेमोड मतमोजणी बघायला मिळते का? आणि ईव्हीएम का नाहीत?

आकडेमोड

मशिनं आणली होती की! २००२ ला तीन मतदारसंघांत चाचणी झाली, मग देशभरासाठी खरेदी. खर्च ५ कोटी युरोंच्या वर. पण कागदी पुरावा नाही म्हणून विश्वास बसेना. शेवटी योजना गुंडाळली आणि २०१२ मध्ये मशिनं भंगारात गेली.

मोजणीचा हॉल मी पाहिला आहे. २०२४ ला एका उमेदवाराकडून पास मिळाला. ७ जूनला शुक्रवारी मतदान, शनिवारी सकाळी क्रीडासंकुलात पेट्या फोडल्या. लांबच लांब टेबलं, त्यांच्यापुढे कमरेएवढं आडोशाचं कुंपण, आणि कुंपणाला खेटून पक्षांची माणसं. त्यांना टॅलीवाले म्हणतात. मोजणारे कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून सरळ करतात, त्या दीड-दोन सेकंदांत टॅलीवाल्याने १ कुठे आहे ते टिपायचं आणि पुठ्ठ्यावर लावलेल्या तक्त्यात रेघ मारायची. पाच रेघा झाल्या की आडवी काट. फिनागेल आणि सिन फेनचे कार्यकर्ते एकाच पेटीवर जोडीने बसलेले पाहिले. आकडे मागाहून एकमेकांना देतात, कारण एकट्या पक्षाला सगळ्या पेट्या पुरत नाहीत. दुपारपर्यंत कोणत्या रस्त्यावरच्या घरांनी कुणाला झुकतं माप दिलं हे सगळ्यांना माहीत, अधिकृत पहिली फेरी मात्र संध्याकाळी.

जास्तीची मतं काढताना तो गठ्ठा खरोखर टेबलावर वाटतात आणि प्रत्येक ढिगाच्या वरचे ठरलेले कागद उचलून पुढच्या उमेदवाराच्या खणात टाकतात. कुणी हरकत घेतली तर परत मोजतात, कुणी चिडत नाही. रविवारी उशिरापर्यंत फेऱ्या चालल्या. एक बाई शेवटच्या जागेवर थोडक्यात आल्या, तर हरलेल्याने सगळ्यात आधी जाऊन त्यांना मिठी मारली.

बेलफास्टवासी

सीमेच्या उत्तरेकडून, म्हणजे उत्तर आयर्लंडातून, थोडी भर. आमच्याकडे काउंटी कौन्सिल राहिलेली नाही. २०१५ पासून ११ जिल्हा कौन्सिलं आहेत. निवडणूक मात्र याच पसंतीच्या पद्धतीने, १९७३ पासून. आणि गंमत बघा: भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून इथे वेस्टमिन्स्टरसाठीसुद्धा (ब्रिटिश संसदेसाठी) मत देऊ शकतो, आणि तिथे दक्षिणेत फक्त कौन्सिलसाठी. सीमा ओलांडून घर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

टिपररीची_सून

एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. २०१४ मध्ये ८० टाउन कौन्सिलं एका फटक्यात रद्द झाली. सदस्यसंख्या १६२७ वरून ९४९ वर आली. आमची काउंटी तोवर नॉर्थ आणि साउथ अशी दोन होती, तीही एक झाली. पैसे वाचतील असं सांगितलं. माझे सासरे गावच्या टाउन कौन्सिलच्या सभांना नेमाने जायचे. बाजारातली पार्किंगची जागा, ख्रिसमसचे दिवे, नदीकाठची बाकं, सगळं तिथे ठरायचं. आता त्याजागी म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे काउंटीचेच त्या भागातले सदस्य एकत्र बसतात. पण गावाचं स्वतःचं असं काही उरलं नाही. सासऱ्यांना याचं फार वाईट वाटतं आणि मलाही. ग्रामपंचायत काढून घेतली तर आपल्या गावांना कसं वाटेल?

मृण्मयी_के

@टिपररीची_सून अगदी मनातलं. आणि बायकांचा मुद्दाही राहिलाच. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव. इथे स्थानिक निवडणुकीत काहीच राखीव नाही, बायकांचं प्रमाण साधारण चौथा हिस्सा. डॉलसाठी पक्षांना उमेदवारीत महिलांचा किमान वाटा ठेवावा लागतो, तो कौन्सिललाही लावायला हवा. पगाराचा प्रश्नही होता. २०२१ पर्यंत कौन्सिलरला वर्षाला साधारण १७ हजार युरो मिळत, ते २५ हजारांच्या वर नेले. तरी लहान मुलांच्या आईने नोकरी सोडून यावं इतकं ते नाही, आणि नोकरी सांभाळून ही कामं होत नाहीत.

जुना_झेडपीवाला

५० टक्क्यांचा अनुभव मी सांगू शकतो. सुरुवातीला सभेत नवरे मागे बसून खुणा करायचे. दुसऱ्या मुदतीपासून बायाच अधिकाऱ्यांना आकडे विचारू लागल्या. राखीव जागांनी फरक पडतो, यात मला शंका नाही.

आणखी एक, इथल्या राज्यघटनेत १९९९ पासून कलम आहे की स्थानिक निवडणूक दर पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे. त्याआधी इथेही सरकारं ती हवी तेव्हा पुढे ढकलायची. १९९१ नंतर थेट १९९९ ला झाली! कलम आल्यापासून १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४, एकही चुकलेली नाही. आपल्या घटनेत १९९३ पासून पाच वर्षांची मुदत आहे, तरी मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक बसला. जिल्हा परिषदांचंही तेच. आयुष्य त्या इमारतीत घालवलेल्या माणसाला रिकामं सभागृह बघवत नाही.

दूरदेशी

काका, याबाबत पूर्ण सहमत.

कौन्सिलरांना अधिकार नाहीत असं म्हणताना एक विसरू नये: सेनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) ६० पैकी ४३ जागा निवडणाऱ्या मतदारांत बहुसंख्य कौन्सिलरच आहेत. आणि चार कौन्सिलांनी ठराव केला तर कुणालाही राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळते. १९९७ मध्ये गायिका डॅना याच वाटेने उभी राहिली.

टिपररीची_सून

ते ठीक, पण त्याने सायलीचा फूटपाथ होणार नाही. तिच्या प्रश्नाकडे येऊया का? माझा नवरा काउंटीच्या रस्ते विभागात काम करतो (दुसऱ्या काउंटीत). त्याला विचारून लिहिते.

बजेट मंजूर झालं की प्रत्येक म्युनिसिपल डिस्ट्रिक्टसाठी वर्षाच्या कामांची यादी बनते. ती यादी मंजूर करणं हे त्या भागातल्या सदस्यांचं काम आहे, अधिकाऱ्यांचं नाही. यादीचा मसुदा अधिकारी आणतात, पण सदस्य त्यात बदल सुचवू शकतात. तेव्हा "मांडतो" ऐवजी कौन्सिलरला नेमकं म्हणायचं: "पुढच्या वर्षीच्या कामांच्या यादीत हा पट्टा घालण्याचा लेखी प्रस्ताव द्या." लेखी प्रस्ताव आला की अधिकारी सहसा लेखी उत्तर देतात, ते इतिवृत्तात येतं. बजेट शरद ऋतूत बनतं, म्हणून पत्र सप्टेंबरच्या आधी हवं. फेब्रुवारीत लिहून उपयोग नाही.

दुसरी वाट शाळेची. 'सेफ रूट्स टू स्कूल' नावाची राष्ट्रीय योजना २०२१ ला सुरू झाली आहे. तिचा पैसा राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाकडून येतो, कौन्सिलच्या तिजोरीतून नाही. "तरतूद नाही" हे उत्तर तिथे लागू होत नाही. पण अर्ज शाळेने करायचा असतो, पालकाने नाही.

आणि काम मोठं असेल, रस्त्याची आखणी बदलत असेल, तर आराखडा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवतात. त्या मुदतीत येणाऱ्या सूचना बहुतेक 'नको' म्हणणाऱ्यांच्या असतात, नवरा सांगतो. पार्किंग जाईल, कुंपण तुटेल वगैरे. 'हवं' म्हणणारे घरी बसतात. तुमच्या इस्टेटीतून वीस पालकांनी चार ओळी लिहिल्या तरी फाईलचं वजन बदलतं.

सायली_ग

@टिपररीची_सून किती नेमकं सांगितलंत! तुमच्या यजमानांनाही धन्यवाद सांगा.

आज मुख्याध्यापिकांशी बोलले. शाळेचा त्या योजनेत अर्ज झालेला नाही. त्या तयार आहेत, पण एक शिक्षक आणि दोन पालक हवेत, मी एक नाव दिलं. मतदारसंघातल्या सगळ्या कौन्सिलरांची यादी काढली, सहा आहेत. सहाही जणांना कामांच्या यादीबद्दल लिहिलं. तिघांची उत्तरं आली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं की वाहनांचा वेग आणि चालणाऱ्या मुलांची संख्या मोजून द्याल का, म्हणजे प्रस्तावाला आधार मिळेल. शेजारची पोलिश मैत्रीण आणि मी पुढच्या आठवड्यात सकाळी उभ्या राहून मोजणार आहोत.

आणि अनुप, तुझ्या पहिल्या प्रतिसादानंतर आम्ही दोघांनी नोंदणीचे अर्ज भरले.

नर्मदा_क

सायली, मोजताना वेळ आणि हवामान लिहून ठेव, पाऊस असला की मुलं गाडीनेच येतात आणि आकडा कमी दिसतो.

बंडू_कॉर्ककर

म्युनिसिपल डिस्ट्रिक्टची सभा बघायला बाहेरच्या लोकांना जाता येतं का? की फक्त पत्रकार?

टिपररीची_सून

जाता येतं, सभा जनतेसाठी खुल्या असतात. तारखा कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतात. बोलता येत नाही, प्रेक्षकांत बसायचं. पण रस्त्याचा विषय असेल त्या दिवशी पाचदहा पालक समोर बसलेले असले की सदस्यांना ते दिसतं. सायली, तारीख कळली की इथे टाक, जवळपासचे कोणी असतील तर येतील.